किशन ग्यानबा, मुक्काम हदगाव

(फोनवर. बालाजी आणि त्याची बायको शिवकन्या सुट्टीत विशाखापट्टणला गेलेत, समुद्राकाठच्या नौदल स्मारकात. बालाजीचे वडील किशनराव हदगावला, घरी.)

किशनराव : ठेव फोन. मी मेलो न्हाई, अन् आज मरायचा इचारबी न्हाई.

बालाजी : आबा, इमानानं सांगून राहिलो. दगडावर नाव कोरलंय तुमचं. लढाईत गेलेल्यांच्या यादीत.

किशनराव : मंग हार घाल. नारळ फोड. येताना परसाद आण.

बालाजी : ऐका तर.

किशनराव : म्हशीचं आधार कार्ड काढायला मला तहसीलला कोणी धाडलं होतं? म्हशीचा फोटू हातात धरून दोन घंटे लाईनीत उभा होतो मी. अन् शिमग्याला कलेक्टर येणार म्हणून फेटा बांधून पंचायतीसमोर उन्हात बसवलं, ते कोणी?

बालाजी : ते मीच.

किशनराव : हाव ना. आता बायकोला घेऊन फिरायला गेला, तर तिथून बापाला मारून राहिला. समुंदर बघ की गुमान.

बालाजी : समुंदरच बघायला आलतो. ऊन लागलं म्हणून सावलीला आत शिरलो, तर एकाहत्तरच्या लढाईतल्या खलाशांचं स्मारक निघालं. म्हटलं आपल्याकडचा कोणी हाय का बघावं. बोट फिरवत गेलो, तर किशन ग्यानबा.

किशनराव : जगात किशन ग्यानबा मी एकटाच हाय काय?

बालाजी : हदगावचा एकटाच. इथल्या साहेबानं रजिस्टर काढून दाखवलं. किशन ग्यानबा, मुक्काम हदगाव, जिल्हा नांदेड. शिक्षण मॅट्रिक. फोटूबी हाय. मला काय वाटून राहिलं ते मी बोलत न्हाई.

किशनराव : नको बोलू. सूनबाईला दे. तुझ्या तोंडून सूर्य उगवला म्हटलं तरी मी अंगणात जाऊन बघंन.

शिवकन्या : मामंजी, मी बोलते. जेवलात का?

किशनराव : जेवलो. हा काय लावून राहिला?

शिवकन्या : खरं आहे ते. मी पण वाचलं. फोटोतलं पोरगं एकोणीस-वीस वर्षांचं आहे. डोक्यावर पांढरी टोपी. खाली नाव तुमचं, पण ते तुम्ही नाहीत. हनुवटी सगळी यांचीच. सरकारी फोटोत कोणी हसत नाही, हा हसून राहिलाय.

किशनराव : डावा कान बघ.

शिवकन्या : काय म्हणलात?

किशनराव : त्याचा डावा कान बघ. नीट, जवळ जाऊन.

शिवकन्या : पाळी फाटलेली आहे, मामंजी. खालून दोन भाग झालेत. मामंजी? ऐकू येतंय ना?

किशनराव : बाल्याला ह्ये ठावं न्हाई. कोणालाच ठावं न्हाई. बाळी होती त्याच्या कानात. भांडताना मी ओढली. मायला सांगितलं, बोरीच्या काट्यात अडकली म्हणून. त्यानंबी तेच सांगितलं.

शिवकन्या : कोणी? पळून गेलेले धाकटे मामंजी?

किशनराव : शेष्या. माझा भाऊ.

बालाजी : मला तेच वाटून राहिलं होतं, आबा. पर त्यांच्या फोटूखाली तुमचं नाव कामून?

किशनराव : माझं मॅट्रिकचं सर्टिफिकीट गेलं होतं पेटीतून. तो गेला त्याच महिन्यात. वाळवीनं खाल्लं म्हणून मी आख्खी पेटी राकेलनं पुसून काढली. शेष्या सातवीला तीनदा बसलेला गडी, त्याला कोण भरती करून घेतो? माझा कागद दाखवला असंल. किशन होऊन गेला.

बालाजी : पर सरकारनं कळवलं असंल की. रजिस्टरात लिहिलंय, घरी तार केली म्हणून.

किशनराव : आली होती.

बालाजी : तार आली होती?

किशनराव : हाव. इंग्लिशमधी. गल्लीत मॅट्रिक मी एकटा, मीच वाचली. तुमचा मुलगा किशन लढाईत गेला. अन् मी तिथं खळ्यात उभा, अंगाला ज्वारीचा भुस्सा. माझा बाप हसून हसून खाली बसला.

बालाजी : मंग?

किशनराव : मंग काय. मी म्हटलं, ह्ये शेष्याचंच काम. तो असाच होता, तू त्याच्यावरच गेला. दोन वर्षं त्याचा पत्ता न्हाई, अन् ही तार. म्हटलं, बघ माय, तुझं पोरगं जितं हाय. कुठंतरी बसून आपली मस्करी करून राहिलंय.

शिवकन्या : अगं बाई.

किशनराव : माय त्या दिवशी पोटभर जेवली. मरणाची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतंय म्हणतेत ना, तिनं गल्लीत साखर वाटली. घरोघरी. मी दोनदा हात पुढं केला.

बालाजी : आबा, बसा जरा. पाणी प्या.

किशनराव : मागून सरकारचा कागदबी आला. त्याला उत्तर मीच लिहिलं. किशन जिता हाय, घरी हाय. खाली माझी सही. त्यावर पुन्हा काही आलं न्हाई. माय मरंपर्यंत ती तार उशाखाली घेऊन निजायची. अन् मी अजून, बसमधून कोणी म्हातारं माणूस उतरलं की कान बघतो. कालबी बघितला एकाचा.

बालाजी : आबा, ऐका. मस्करी केली मी.

किशनराव : काय?

बालाजी : मस्करी. हिलाबी सामील करून घेतलं. नाव न्हाई, फोटू न्हाई, काही न्हाई. कानाचं असंच फेकलं, लागलं.

शिवकन्या : अहो, काय करून राहिलात?

बालाजी : तू गप. आबा, तुमच्या गळ्याची आण, चकवलं तुम्हाला. द्या शिव्या. म्हशीवरून सुरू करा.

किशनराव : बाल्या.

बालाजी : जी.

किशनराव : पन्नाशी आली तुझी. मस्करी करताना तुझा आवाज कवाच हलला न्हाई.

बालाजी : वारं हाय इथं. समुंदराचं.

किशनराव : असंल.

शिवकन्या : मामंजी, ते पाठ फिरवून उभे आहेत. तुम्ही एकटे आहात का घरी? शेजारून कोणाला बोलवू का?

किशनराव : नको. त्या साहेबाला एक इचार. म्हणावं, माझं नाव काढा अन् त्याचं घाला. शेषेराव ग्यानबा.

शिवकन्या : साहेब इथंच आहेत. मघापासून ऐकून राहिलेत. ते म्हणतेत, अर्ज करा, पण धाकट्या मामंजींच्या नावाचा एक तरी कागद लागंल. शाळेचा, जन्माचा, कसलाबी.

किशनराव : त्याच्या नावाचा कागद असता तर माझा कामून चोरला असता त्यानं?

शिवकन्या : तुम्ही लिहून द्या ना, भाऊ म्हणून.

किशनराव : लिहून देऊ. ज्या सहीनं जिता हाय म्हणून कळवलं, त्याच सहीनं शेष्या मेला म्हणून कळवू? राहू दे. साहेबाला चहा पाज. त्याचा काय गुन्हा? बाल्याला दे फोन.

बालाजी : बोला आबा.

किशनराव : रडला काय?

बालाजी : न्हाई.

किशनराव : फोन घेऊन त्या नावापाशी जा.

बालाजी : आलो. हात ठेवलाय. दगड लई तापलाय.

किशनराव : हाक मार त्याला. शेष्या म्हण. चोपन्न वर्षं झाली, तिथं त्याला सगळे किशन म्हणत असतील.

बालाजी : आबा, लोकं हायेत. शाळेची सहल आलीय.

किशनराव : असू दे.

बालाजी : शेषाकाका.

किशनराव : जोरात. पहिल्या हाकंला तो कवाच ओ देत न्हाई.