न मागता वाढलेलं लिमिट

नाही नाही, केरूभाऊ, ठेवा बिनधास्त, फुटला तरी चालेल—विकतचे नाहीत ते कप. सहा कप, सहा बश्या, सगळे पॉइंटवर आलेत. पॉइंटवर म्हणजे कार्डाच्या हो, क्रेडिट कार्ड, आमच्या हर्षलचं! आता तो बजावून गेलाय हं, वडिलांबरोबर मिठाई आणायला उतरताना दारातून दोनदा मागं फिरला—आई, मी येईपर्यंत पाहुण्यांसमोर कार्डाचा विषय काढू नकोस. पण मी म्हणते, का नको? पोरीचा बाप नामपूरहून येतो, कांद्याचा लिलाव सोडून मुलाचं घर बघायला येतो, त्याला मुलाची पत नको कळायला? आणि विषय मी कुठं काढला? कप छान आहेत असं तुम्हीच म्हणालात. आहेतच छान.

तर सांगत काय होते—हर्षल सातपूरच्या कंपनीत कायम झाला आणि वर्षाच्या आत बँकेचा फोन. साठ हजारांचं लिमिट. सहा महिन्यांनी सव्वा लाख. मग एक दिवस मेसेज आला—आम्ही न मागता हो, देवाशपथ—तीन लाख! मी त्या दिवशी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. हर्षल कपाळाला हात लावून बसला. आई, हे आपल्याला मिळालेले पैसे नाहीत, उधार घ्यायची मुभा आहे नुसती. अरे, पण मुभा देतात कुणाला? वीस वर्षं मी नदीकाठच्या बुधवारच्या बाजारात भाजी घेऊन बसलेय आणि हा मला उधारी शिकवतो. मी काय येईल त्याला उधार द्यायचे का? माणूस बघून द्यायचे. बँकेनंही बघितलाच असेल ना माणूस?

मग पॉइंटचं मीच मनावर घेतलं. हा आपला नुसतं पेट्रोल भरायचा, त्यानं कितीसे पॉइंट होणार! मी सगळ्यांना सांगून टाकलं—काही मोठं घ्यायचं असेल तर आमच्या कार्डावर घ्या, रोख माझ्या हातात द्या. नणंदेचा फ्रीज, शेजारच्या आशाचं वॉशिंग मशीन, मनमाडच्या भाच्याच्या लग्नातले मानपानाचे कपडे, परत दोन फ्रीज. लोकांना दुकानात कार्डाची सूट, आपल्याला पॉइंट—कुणाचं काय गेलं? मिक्सर आला, चाकांची बॅग आली, हे कप आले. आणि बिल कधी भरायचं? महिना-दीड महिन्यानं. तोवर ती रोख काय उशाखाली ठेवायची? मी भिशीत तीन नंबर घेतले. हर्षल विचारायचा, आई, लोकांची रोख आहे ना तुझ्याकडं? मी म्हणायचे आहे. होतीच की, भिशीत! कुणी बुडवली नाही, कुणी पळून गेलं नाही, चांगल्या घरच्या बायका सगळ्या—फक्त माझे तिन्ही नंबर लागले वर्षाच्या शेवटाला. मधे बिलं यायची. पण बँक लय समजूतदार, केरूभाऊ! बिल सत्तर हजारांचं आणि खाली तीच छापणार, किमान साडेतीन हजार भरा. मी म्हटलं, तीच एवढं म्हणतेय तर आपण कशाला आगाऊपणा करून जास्त भरा? तेवढेच भरत गेलो आम्ही.

सत्तरचे एक लाख सत्तेचाळीस झाले. कसे झाले ते मला अजून कळलेलं नाही, हर्षलनं तीनदा कागदावर मांडून दाखवलं. मग फोन सुरू झाले—घरी फोन, कंपनीत फोन, सुपरवायझरसमोर फोन. पोरगं ताटावरून अर्ध्यात उठायचं. माझ्याच… जाऊ द्या. एक दिवस फोन मीच उचलला. पलीकडचा म्हणतो, मावशी, एकरकमी किती भरता ते बोला. झालं! आयुष्यभर जे केलं तेच विचारलं की त्यानं मला. तो एक लाख वीसवर, मी साठवर. तो एक लाखावर, मी म्हटलं ठेवते फोन, माझं दूध उतू चाललंय. थांबा थांबा म्हणाला. शेवटी पंच्याऐंशीवर आणला! भिशी आलीच होती हातात, मोजून दिले. बासष्ट हजार सोडायला लावले मी बँकेला, आहे का नामपूरच्या मार्केटात असा कुणी? हे बघा पत्र. दहावीच्या मार्कशीटबरोबर ठेवलंय, लॅमिनेशन करून. खातं बंद, विषय मिटला. एकच चुटपुट राहिली—एकोणीस हजार पॉइंट शिल्लक होते, कार्ड बंद झालं तसे तेही गेले. आधी वापरून घ्या म्हणून कुणी सांगितलं नाही मेल्यांनी. कुकर तरी आला असता.

काय म्हणालात? फ्लॅट? हो तर, पाथर्डी फाट्याला बघून ठेवलाय, दोन बेडरूमचा, उजेड भरपूर. कर्जाचं… तिथं जरा अडलंय. दोन बँका नाही म्हणाल्या. साहेब म्हणतो, तुम्ही कर्ज पूर्ण फेडलं नाही, तडजोड केली, रेकॉर्डवर तसं लागलंय, अजून काही वर्षं दिसत राहणार. आता बोला! पैसे त्यांनीच सोडले आणि डूख आमच्यावर. हर्षल तर आता ते बासष्ट हजारही भरतो म्हणतोय, त्यासाठी बँकेत खेटे घालतोय. असा भोळा माझा मुलगा. पण तुम्ही घोर लावून घेऊ नका, मी सगळा विचार केलाय. तुमची तेजस्विनी नोकरीला, पगार थेट बँकेत, नाव अगदी कोरं करकरीत. कर्ज तिच्या नावावर निघेल. आणि कार्ड? तिच्या दारात रांग लावतील बँका! त्याच कार्डावर घरातल्या माणसाच्या नावानं आणखी एक कार्ड निघतं, मी चौकशी केलीय, सासूच्या नावानंसुद्धा निघतं. या वेळी भिशी नाही, कानाला खडा. पॉइंट निम्मे तिचे, निम्मे माझे, आपल्यात भांडण नको. हां, हे विचारायचंच राहिलं—तिच्याकडं आत्ता आहे का हो कार्ड? लिमिट किती आहे तिला?

का? चुकलं का काही?

…तुम्हाला आधीच ठाऊक होतं? कुणी सांगितलं म्हणालात? हर्षलनं? कधी—तेजस्विनीला, पहिल्याच भेटीत? बँकेचं पत्र दाखवलं, सगळी बिलं दाखवली? आणि… आणि ती तरीही हो म्हणाली? अगंबाई! देवा! मग घोडं अडलंय कुठं, मला सांगा ना! चूक माझी, असं म्हणाला तो? स्वतःची चूक म्हणाला? माझं नाव घेतलं नाही? एकदाही? …गुणाचं माझं पोर ते. मग तुम्हाला सगळं ठाऊक होतं तर मला एवढं बोलू कशाला दिलंत?

काय? जरा मोठ्यानं बोला. तेजस्विनीनं बिलं नीट वाचली… हां. एकट्या पोराला तीन फ्रीज कशाला लागतात, असं म्हणाली? बाबा, घरच्यांना एकदा बघून या, असं म्हणाली. मग तुम्ही आज हे घर बघायला नव्हता आलात, भाऊ? मला बघायला आला होतात?

अहो, उठू नका. पिशवी ठेवा खाली. हे बघा, पोरीला माझ्याबद्दल काय सांगायचं ते सांगा, कसंही सांगा, मी रागवायची नाही. त्यांनी खुशाल वेगळं राहावं, मी त्या फ्लॅटची पायरी चढणार नाही, कार्डाला हात लावणार नाही, पाहिजे तर लिहून देते. पण त्याला नाही म्हणू नका हो. त्यानं काही केलेलं नाही, सगळं मी केलंय.