एक शब्द, अनेक कामे

परिचारिकांच्या इंग्रजी तोंडी परीक्षेच्या दालनाबाहेर, माझ्या शेजारी एक सासू आणि तिची सून हाक येण्याची वाट पाहत बसल्या होत्या.

"आई, गेल्या वेळी 'रन'नंच घात केला. मला फक्त धावणं ठाऊक. नाक वाहतं, मशीन चालतं, अंगात ताप असतो, तिथंही 'रन'च."

"आता येतं ना?"

"येतं. पण आत गेले की दातखीळ बसते."

"अगं, भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते. हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही. बोलता बोलता आलं."

"मग हेही येईल. जा, बोलावतायत."

दार मिटले. सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"माझी सून. आमच्या घरातली पहिली नर्स. आज नाही जमलं, तर पुन्हा मीच घेऊन येईन."