मास्तरांच्या नंबरावरची धमकी

हॅलो?… हो, मावशीच बोलतेय, वकीलबाई… नंबर कधी घेतला? साल काय सांगू बाई. धाकटीला जुळं झालं ना, त्या वर्षी. दवाखान्यातून निरोप यायला हवा म्हणून तुझ्या काकांनी घेतला… हो, अजून त्यांच्याच नावावर. ते गेल्यावर बंद कशाला करायचा म्हणून माझ्या थोरल्याने, तुझ्या दादाने, स्वतःकडे ठेवला…

हो, त्याच नंबरावर तो मोबाईलवरचा गेम खेळतो. शाळेची बस लावून आला की कानाला ते डबडं लावतो आणि भिंतीशी भांडत बसतो… थांब, मशीन बंद करते, काही ऐकू येत नाही… हं, बोल.

अगं ऐक ना, मला आधी एक कळू दे. ही धमकी दिली कुठं?… खेळात. बरं. मैदान कुठलं?… मैदानच नाही? मग तो समोरचा माणूस उभा कुठं होता?… त्याच्या घरी. आणि हा इथं, माझ्या मशीनशेजारी स्टुलावर. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, आणि पोलिसांना मात्र दोघांचे पत्ते ठाऊक!

रेकॉर्ड?… बोललेलं सगळं? त्या माणसाने जपून ठेवलं?… हो, हो, पण 'तंगडी मोडून हातात देईन' हे तर मी याला रोज म्हणते. तू लहानपणी माझ्या काजांचा दोरा गुंतवलास तेव्हा तुलाही म्हटलंय. मग आधी मलाच न्या की… हसू नकोस… बरं, हसत नाहीयेस.

काल? हो, गेले होते मी चौकीत. एकटीच… तुला विचारलं नाही, कारण तू अशीच ओरडली असतीस. जबाब लिहून दिला. माझ्या हाताने. छाती, कंबर, बाही यापलीकडे कधी काही लिहिलेलं नाही, पाऊण तास लागला. हवालदार म्हणाला, आजी, अंगठा चालेल. म्हटलं, अंगठ्याचे दिवस संपले, बाबा…

काय लिहिलं म्हणजे… लिहिलं की नंबर आमच्या ह्यांचा. खेळात नावही 'मास्तर' असंच लावलेलं. शिलाईमुळे सगळी गल्ली ह्यांना मास्तरच म्हणायची. तेव्हा बोलले तेच असणार… हो, विचारलं की, कधी गेले म्हणून. मी म्हटलं, नुकतेच…

अगं, गेलेल्या माणसाला कोण तुरुंगात घालणार? जन्मभर या घराचं ओझं वाहिलं त्यांनी, त्यात आणखी एक. ह्याच्यावर गुन्हा लागला तर बस गेलीच ना हातातून? चाळिशीत कुठं दारं ठोठावत फिरणार तो?… नाही, त्याला ठाऊक नाही मी काय लिहिलं ते. तो बसवर गेलाय. मला एवढंच म्हणाला, आई, मी शिवी दिली, त्यानेही दिली, झालं…

काय म्हणालीस?

पुन्हा म्हण. हळू…

'तुझी मुलगी बसमध्ये चढेल, पण उतरणार नाही'… हे आपल्या दादाने?… तू स्वतः ऐकलंस? सकाळी चौकीत?… त्याचाच आवाज. खात्री आहे तुझी… हं.

पण त्याला काय ठाऊक त्या माणसाला मुलगी आहे ते?… मागून तिचा आवाज येत होता. शाळेचं काहीतरी विचारत होती… केवढी आहे?… सात.

नाही, ऐकतेय… अगं, सात वर्षांची चार पोरं याच्या पुढच्या सीटवर बसतात. पट्टा हा स्वतः लावतो त्यांचा, दोनदा ओढून बघतो. मग हे तोंड कुठलं? मला कळत नाही गं. एकाच माणसाचं कसं?…

अकरा दिवस?… म्हणजे ती तेव्हापासून घरातच?… आणि काल माझा जबाब झाल्यावर पोलिसांनी त्या बापाला फोन केला, माणूस वारला म्हणून. मग?… मग काय म्हणाला तो?… आवाज म्हाताऱ्याचा नव्हताच म्हणाला. खरा माणूस मोकळाच आहे म्हणाला… आज पण नाही पाठवली शाळेत. माझ्यामुळे… नाही, तू नाही म्हणालीस, मी म्हणतेय.

पाणी पिते, थांब…

हं. माझ्यावर? खोट्या जबाबाचं वेगळं कलम?… लागू दे. आज दुरुस्त केला तर ऐकून घेतील?… 'शक्यता आहे'. आणि त्याचं?… आपण होऊन कबूल केलं तर 'फरक पडू शकतो'. बस राहील का?… 'सांगता येत नाही'. तुम्हा वकिलांची वाक्यं सगळी कच्च्या दोऱ्याची, पक्की टीप म्हणून कधी घालायची नाही…

नाही, संध्याकाळी आला की मीच सांगेन त्याला. आणि तो नाही म्हणाला तरी मी जाणार… हो, तू ये चौकीत, पण लिहून नको आणूस. मीच लिहिते. हा घेतला कागद. तू ऐक, चुकलं तर सांग, मग ठेवते.

'कालचा माझा जबाब खोटा आहे'… दम धर, हात भरभर चालत नाही माझा… 'बावीस मार्चला खेळात धमकी दिली ती माझ्या थोरल्या मुलाने. माझे पती त्याआधीच, एकोणीस फेब्रुवारीला, सकाळी दहा वाजता, दवाखान्यात वारले.'