डावखुरा हिरो

नवे पिक्चर वाईट न्हाईत, गड्यांनो. पण पिक्चर सुटला की भांडायला काही उरत न्हाय. जुन्यांचं तसं नव्हतं. आमच्या ईट गावच्या जत्रंत तंबूत पिक्चर लागायचा. मधी पडदा, पुढच्या अंगाला गडीमाणसं, पाठीमागं बायका. लग्न झाल्या साली मी अन् बायकोनं असाच एक बघितला, मी अल्याड, ती पल्याड. घरी येताना ती म्हणाली, "डावखुरा असून काय तलवार चालवतो हिरो."

म्हणलं, "तलवार उजव्या हातात होती."

"तुमचं ध्यान कुठं होतं?"

पडद्याच्या पाठीमागनं चित्र उलटं दिसतं, हे लई समजावलं. जन्मभर ऐकलं न्हाय तिनं. कुठलाबी नवा पिक्चर लागला की म्हणायची, "ह्याला त्या डावखुऱ्याची सर न्हाय."

ती गेली त्याला वर्ष झालं. परवा पुण्याहून पोरानं तोच पिक्चर मोबाईलवर पाठवला. तलवार उजव्याच हातात. जिंकलो, पण सांगायचं कुणाला?

मग उठलो, मोबाईल आरशापुढं धरला, अन् उरलेला पिक्चर तिच्या बाजूनं बघितला.