चिंचेनं घासलेलं नाव

सदर भागातल्या दवाखान्यात तापलेल्या लेकीला थोपटत उन्नती नंबरची वाट पाहत होती. मघाशी काउंटरवर शेजारच्या म्हातारीला नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा तिनं स्वतः ते न घेता आपल्या मुलाला कोपरानं ढोसलं होतं. "चंपतराव," त्यानं सांगितलं. आता माय-लेकाची जुंपली होती.

"बाबाच्या लाकडी कॅमेऱ्याची पितळी पट्टी घासून घासून तू कंपनीचं नावच मिटवलं, माय."

"दसऱ्याले पूजेत ठेवाचा, तं चिंचेनं काहून नाही घासू?"

"प्रदर्शनवाले म्हणते, असे कॅमेरे दिसाले सारखेच. नावाबिगर कोणता म्हणून ओळखाचा?"

"जलमभर त्याच्या काळ्या कापडात डोस्कं कोणं घातलं, त्याच्यावरून ओळखा ना."

"मंग पाटीवर काय लिहू?"

"चंपतरावाचा कॅमेरा."

मुलगा तिच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"पाहून काय राहिला? लिही."