रॅम्पवरची काळी दोन

सुनीती: तक्रार करायलाच खाली आलेय, हे खरं. पण तुम्ही आधीच माफी मागायला लागलात तर मी बोलू कधी?

अंशुमन: नहीं आंटी, आप बिल्कुल सही हैं. मेरी ही गलती है. आज शाम के बाद ये गाड़ी आपको दिखेगी भी नहीं.

सुनीती: मराठीत बोला हो. खांबावर पाटी आहे ना तुमची, अंशुमन निंबाळकर. निंबाळकरानं गुडगावच्या पार्किंगमध्ये उभं राहून हिंदीत माफी मागायची, हे मला ऐकवत नाही.

अंशुमन: ओह. तुम्ही मराठी आहात? सॉरी आंटी, मला माहीतच नव्हतं.

सुनीती: काकू म्हण. सुनीती काकू. चौथ्या मजल्यावर राहते, या रॅम्पच्या बरोबर वर. आणि मी तुला अरे-तुरे करणार, तेवढा वयाचा फायदा घेते.

अंशुमन: चौथा मजला माहितीय काकू. रोज संध्याकाळी मी आत वळलो की तुम्ही गॅलरीत उभ्या. म्हणूनच तर हे सगळं केलं. पाच वाजता डीलरचा माणूस येतोय, हिला घेऊन जाईल. प्रॉब्लेम खतम.

सुनीती: हिला म्हणजे या पांढऱ्या गाडीला? कायमची?

अंशुमन: हां. गुरुवारी नवीन आली ना माझी. ती बघा, त्या कोपऱ्यात, निळी.

सुनीती: गुरुवारी. अच्छा, म्हणून.

अंशुमन: म्हणून काय?

सुनीती: गुरुवारी आठ वाजून गेले तरी तू आला नाहीस. म्हटलं, ऑफिसात अडकला असेल. शुक्रवारीही नाही. मग वाटलं, आजारी पडला, एकटा असला आणि ताप-बिप आला तर कोण बघणार. काल गार्डला विचारलं तर तो म्हणतो, साब तो रोज आते हैं. झालं. रात्रभर मी समजत होते की माझेच कान गेले.

अंशुमन: एक मिनिट काकू. तुम्ही माझी वाट बघत होता?

सुनीती: तुझी कशाला बघू? तुझं तर तोंडही आज पहिल्यांदा बघतेय. गाडीची वाट बघत होते. तक्रार तीच आहे माझी. ती ऐकू का येत नाही, हे विचारायला आलेय.

अंशुमन: यार, हे काय चाललंय. तुम्हाला तर त्रास व्हायचा ना?

सुनीती: कुणी सांगितलं?

अंशुमन: सांगायला कशाला पाहिजे? मी बघायचो ना वर. तुम्ही डोळे घट्ट मिटून, कपाळाला आठ्या घालून, असा कानावर हात दाबून उभ्या असायच्या. रोज. मला इतकं गिल्टी वाटायचं. म्हटलं, बिचाऱ्या आंटी, वय झालंय, आणि मी हा राक्षस घेऊन येतो.

सुनीती: अरे देवा.

अंशुमन: शेवटी शेवटी तर मी रॅम्पवर दम धरूनच चढायचो. पहिल्या गिअरमध्ये, हळूहळू, चोरासारखा.

सुनीती: ते कळलं होतं. महिनाभर सूर उतरलेला होता. मला वाटलं, ऑफिसात काहीतरी बिनसलंय तुझं.

अंशुमन: सूर?

सुनीती: मी गाणं शिकवायचे रे. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये, पुढच्या खोलीत. चाळीस वर्षं दिल्लीकरांच्या मुलींना सा लावायला शिकवला. सूर नीट ऐकायचा असला की आम्ही एका कानावर हात ठेवतो. बाहेरचा गलका तुटतो आणि पाहिजे तेवढंच ऐकू येतं. तू त्याला कान झाकणं समजलास?

अंशुमन: आता मला काय माहीत काकू. मला वाटलं...

सुनीती: तुझी गाडी गेटात शिरली की खर्जात घुमायची. मग रॅम्पवर चढायला लागली की आवाज वर वर जायचा आणि वळणावर काळी दोनवर येऊन थांबायचा. पेटीवर ताडून बघितलंय मी. पेटीतली दुसरी काळी पट्टी. पुरुषाचा गळा असतो ना, भरदार, तसा.

अंशुमन: तीन हजार आरपीएमच्या थोडं वर. वळणावर मी नेहमी तेवढ्यावरच गिअर बदलायचो. काकू, हे माझ्या ऑफिसात कुणाला सांगितलं तर विश्वास नाही ठेवणार.

सुनीती: नको सांगूस. आणि ही निळी? ती काय मुकी आहे?

अंशुमन: मुकी नाही, पण हिच्यासारखी नाही. ही पांढरी स्वतः हवा ओढते. म्हणजे बाहेर जेवढी हवा आहे तेवढीच, आपल्या दमावर. नवीनमध्ये टर्बो आहे. इंजिनमधून धूर बाहेर जातो ना, त्याच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो. त्याच दांड्यावर दुसरा पंखा असतो, तो हवा दाबून दाबून आत ढकलतो. म्हणून इंजिन छोटं, चारच सिलिंडर, पण ताकद जास्त.

सुनीती: म्हणजे ही गळा, आणि ती पेटी.

अंशुमन: पेटी कशी?

सुनीती: पेटीला मागे भाता असतो. हातानं हवा कोंबायची तेव्हा ती वाजते. गळ्याला भाता नाही, आपला श्वास आपण घ्यायचा. पण तुझी निळी हुशार दिसते. आपल्याच उच्छ्वासावर आपला भाता हलवते.

अंशुमन: भाता म्हणजे ते मागचं, हातानं उघडबंद करतात ते?

सुनीती: तेच. आजकालची मुलं तुम्ही, भाता कुठून माहीत असणार.

अंशुमन: पण एकदम बरोबर पकडलंत. आवाज त्याच्यामुळेच कमी होतो. धूर त्या पंख्यातून जाताना आवाज अर्धा तिथेच मरतो.

सुनीती: मरणारच. सगळा श्वास कामाला जुंपला तर गायला काय उरणार. पळते तरी का?

अंशुमन: हिच्यापेक्षा जास्त. कागदावर तर सगळ्यातच पुढे आहे. फक्त पाय दाबला की एक क्षण काही होत नाही, आणि मग एकदम धक्का देते. ही तसं नाही करत. जेवढा पाय दाबला तेवढी, आणि तेव्हाच.

सुनीती: हाक मारली की ओ देते.

अंशुमन: हां. तसंच.

सुनीती: मग तुला कुठली आवडते? कागद राहू दे बाजूला.

अंशुमन: हीच ना काकू. खरं सांगू? हिचं इंजिन पुढे नसतं, सीटच्या मागे असतं, मधोमध. मानेपाशीच. मानेसरच्या ऑफिसातून येताना तासभर कानाशी कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. नवीनमध्ये पण इंजिन तिथेच आहे, पण ते काही बोलत नाही. चार दिवस झाले, मी रेडिओ लावून येतोय.

सुनीती: मधोमध इंजिन, मग मागे बसायचं कुठे?

अंशुमन: मागे नाहीच बसता येत. दोनच सीट.

सुनीती: म्हणजे माणसं बसायची तिथे इंजिन ठेवलंय.

अंशुमन: सलोनीनं पण हेच म्हटलं होतं. माझी बायको. होती. मी गाडी घरी आणली, ती खाली आली, एक चक्कर मारली हिच्याभोवती आणि म्हणाली, यात आपलं मूल कुठे बसेल? मी तिला बॅलन्स समजावत बसलो. मधलं इंजिन, चारी चाकांवर सारखं वजन. पुढच्या वर्षी ती बाजूची सीट पण रिकामी करून गेली.

सुनीती: गाडीमुळे नसेल गेली रे.

अंशुमन: नाही, गाडीमुळे नाही. पण आठवतं तेच.

सुनीती: आमच्या ह्यांची स्कूटर होती. विश्वनाथ नाव ह्यांचं, उद्योग भवनात सरकारी नोकरीला होते. स्कूटर गल्लीच्या तोंडाशी आली की मला ओट्यापाशी ऐकू यायची. तेव्हा कुकर चढवायचा. ते हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत भात उतरलेला. एकदाही घड्याळ बघितलं नाही मी. नव्वद सालानंतर सगळे गुडगावला बुकिंग करत सुटले, तसं ह्यांनीही केलं. इथे तेव्हा मोहरीची शेतं होती, आम्ही रविवारी येऊन नुसती पिवळी शेतं बघून जायचो. रिटायर झाल्यावर राहायला आलो. आणि मग ते गेले.

अंशुमन: कधी?

सुनीती: झाली बरीच वर्षं. इथे लिफ्ट आहे, जनरेटर आहे, काचा दुहेरी आहेत. गाड्या येतात त्यांचा आवाजच नसतो. एवढ्या मोठ्या इमारतीत कोण आलं, कोण गेलं, काही कळत नाही. एका माणसाचा भात कधीही लावता येतो ना, म्हणून तो लावलाच जात नाही. दूध-पोळी खाऊन झोपायचे. मग तुझी ही आली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझा हात आपोआप कुकरकडे गेला.

अंशुमन: काकू.

सुनीती: तेव्हापासून भात करते. गरम जेवते. एवढंच आहे, फार काही नाही.

अंशुमन: आणि मी तुम्हाला त्रास नको म्हणून हिला विकली.

सुनीती: परत नाही घेता येणार?

अंशुमन: सह्या झाल्या. नवीनच्या बदल्यातच दिली. आज त्यांचा माणूस फक्त चावी घ्यायला येतोय. काकू, तुम्ही एकदा तरी खाली यायचं होतं.

सुनीती: येऊन काय म्हणायचं होतं? बाळा, तुझ्या गाडीवर माझा कुकर चालतो? तू एकदा वर यायचं होतंस. दार वाजवून विचारायचंस, काकू, त्रास होतो का?

अंशुमन: खरंय. पण इथे कोण कुणाचं दार वाजवतं.

सुनीती: कुणीच नाही. आपणही नाही वाजवलं.

अंशुमन: ऐका, अजून वेळ आहे. बसा ना आत. बाजूची सीट रिकामीच आहे. एक मोठी चक्कर मारून आणतो, मानेसरपर्यंत.

सुनीती: माझे गुडघे बघ आणि ती सीट बघ. त्यात बसायचं म्हणजे आधी जमिनीवर बसावं लागेल. मग मला काढायला क्रेन बोलव.

अंशुमन: मी उचलून काढीन.

सुनीती: काढशील रे. पण आत बसून काय ऐकू? आतून तर ती जाताना ऐकू येईल. मला ती येताना ऐकायचीय.

अंशुमन: मग असं करतो. मी हायवेपर्यंत जातो आणि परत येतो. चोरासारखा नाही, पूर्ण काळी दोनवर. तुम्ही वर जा. नंबर द्या तुमचा, गेटपाशी आलो की फोन करतो.

सुनीती: घे. आणि नंबर घेतोच आहेस तर एक ऐक. उद्यापासून निळीनं आलास की एक मिस्ड कॉल देत जा.

अंशुमन: मिस्ड कॉल? काकू, आता कॉल फ्री झालेत. मिस्ड कॉल कोण देतं?

सुनीती: मी उचलणार नाही. बोलायचं बंधन नको तुला. दमून येतोस. नुसता वाजला की कळेल मला, पोचला.

अंशुमन: आई होती तोपर्यंत असाच द्यायचो. कुठेही गेलो तरी, पोचलो की एक रिंग. ती फलटणला, मी कधी चेन्नईला, कधी इथे. ती गेल्यावर बाबांना विचारलं, तुम्हाला देऊ का रिंग, तर ते म्हणाले, फौजीचा मुलगा तू, पोचणारच. तेव्हापासून पोचलो हे कुणाला सांगितलंच नाही. कुणी विचारतही नाही.

सुनीती: आता मी विचारतेय. चल, नीघ. तो चावीवाला लवकर आला तर सगळंच राहील.

(थोड्या वेळाने, फोनवर.)

अंशुमन: काकू, मेन गेटच्या बाहेर आहे. आता आत वळतो. गॅलरीत आहात?

सुनीती: उभी आहे.

अंशुमन: कानावर हात?

सुनीती: एका हातात तुझा फोन आहे. दुसरा आहे कानावर.

अंशुमन: मग फोन चालूच ठेवू का? यातून पण ऐकू येईल, एकदम क्लिअर.

सुनीती: नको, ठेव. फोनवर तर टोरांटोहून माझी लेक कृतिकाही येते. तू नेहमीसारखा ये. मी कुकर चढवलाय.

अंशुमन: काकू, आत्ता तर चारच वाजलेत.

सुनीती: माहितीय. ये तू.