घरचीच साधी सर्दी

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या संशोधन केंद्राच्या सल्लागार समितीचे आधारस्तंभ माननीय झुलालनाना, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, सत्कारमूर्ती डॉ. दिपमालाताई बोरसे, आणि एक खिडकी वगळता सगळ्या बंद असलेल्या या सभागृहात दाटीवाटीने बसलेल्या माझ्या धुळेकर बंधू-भगिनींनो,

मी बालरोगतज्ज्ञ. रडणाऱ्यांची सवय आहे, म्हणून निरोपाचं भाषण माझ्याकडे आलं असावं.

ताई तीन पावसाळे गावोगाव फिरल्या. काम काय? तान्ह्या बाळांना धाप लावणारा विषाणू घरात येतो कुठून, ते शोधायचं. त्यासाठी अख्ख्या घराच्या नाकात काडी घालून नमुने घ्यायचे. नरडाण्याला एका आजींनी विचारलं, "नाकमा काडी घालीसन काय सापडस वं माय?" ताई म्हणाल्या, "आजी, चोर सापडस." आजींनी लगेच नाक पुढे केलं.

आता आपल्याकडे चोर आधीच ठरलेला असतो. बाळाला सर्दी झाली म्हणजे आईने केळं खाल्लं. ज्या केळ्यावर शेजारचा जळगाव जिल्हा जगतो, ते आपल्या सुना दाराआड खातात. असो.

गेल्या श्रावणात एका प्रतिष्ठित घरी कुळाची देवी कानुबाई बसल्या. नाव घेत नाही, औचित्य पाळलं पाहिजे. सुरतेहून, पुण्याहून भाऊबंद आले होते. एवढी नाकं एका छपराखाली कधी मिळायची, म्हणून ताईही गेल्या. देवीच्या प्रसादाचा रोट भाऊबंदांनीच खायचा, त्यामुळे ताईंना नुसता चहा मिळाला. विषाणूला मात्र हा नियम ठाऊक नसावा. घरातले कर्ते आजोबा शिंकत होते. "साधी सर्दी शे," म्हणाले आणि तान्ह्या नातवाचे मुके घेतले.

नानासाहेब, पाणी घ्या ना. समोरच आहे.

पुढच्या आठवड्यात ते बाळ माझ्या वॉर्डात, ऑक्सिजनवर. आजोबा दारात उभे राहून सुनेला विचारत होते, "केळं खादं ना तू? खरं सांग." ती पोर बाळाच्या नाकातल्या नळीकडे बघत राहिली. मला तेव्हा राग आला होता. आजही येतो.

बाळ सावरलं. ताईंनी नमुने तपासले. आजोबांच्या नाकातला विषाणू आणि नातवाला झालेला, दोन्ही तंतोतंत एक. आजोबांनीच सगळ्यांसमोर विचारलं, "काय निंघनं? केळंच ना?" ताईंनी सगळ्यांसमोरच उत्तर दिलं, आणि तिथे सूनही उभी होती. एवढी विद्वान बाई, पण खरं सुनेसमोर सांगू नये, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

त्यानंतर, निव्वळ योगायोगाने, ताईंचे गुण आपल्या सल्लागार समितीच्या डोळ्यांत भरले. बढतीची शिफारस झाली. आता त्या मुंबईच्या कार्यालयात फायली तपासतील. फायलींना धाप लागत नाही, तेव्हा काम निर्धोक आहे. यंदाच्या पावसाळ्यात इथल्या गावांत कोण फिरणार, हे विचारणं आजच्या मंगल प्रसंगी बरं दिसत नाही. बाळं माझ्या वॉर्डात येतील. बोल त्यांच्या आयांना लागेल.

आता शेवटचं. मघाशी दीपप्रज्वलनापूर्वी फोटोग्राफर म्हणाला, "नाना, नातवाला मांडीवर घ्या, फोटो छान येईल." नानासाहेबांनी हौसेने हात पुढे केले. त्यांच्या सूनबाई रत्नाताई तिसऱ्या रांगेत होत्या. त्या बाळाला घेऊन उठल्या, पण व्यासपीठाकडे आल्या नाहीत. खिडकीपाशी गेल्या, ती उघडली आणि तिथूनच म्हणाल्या, "नाना, तुमले खोकला शे. बरा व्हा, मंग ल्या."

नानासाहेबांचे हात थोडा वेळ तसेच राहिले. मग त्यांनी ते मागे घेतले.

दिपमालाताई, शाल आणि श्रीफळ तुम्हाला आता मिळेल. तुमचा सत्कार मात्र तेव्हाच, त्या खिडकीपाशी झाला. तुमच्याशिवाय आमचं कठीण आहे, हे आज मी अगदी सरळ मनाने सांगतो.

आयोजकांचे आभार. इतका खोकला असूनही अध्यक्षांनी मला मध्येच थांबवलं नाही, त्यांचे विशेष आभार. बोलण्यात काही उणं-अधिक गेलं असेल तर सभेने ते पोटात घालावं. ती एवढी खिडकी मात्र कोणी लावू नये.